टोपण कधी काढायचं?

सकाळी ६:५०

विक्रोळी, कन्नमवार नगर. काल लक्ष्मीपूजन झालं, रात्री उशिरापर्यंत फटाके वाजत होते. जिन्यात लाल कागदांचा खच पडलाय. सगळी इमारत झोपलीय, मामा तेवढे उठलेत.

मंगळवार, २५ ऑक्टोबर २०२२. या दिवाळीत अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं, पाडवा आणि भाऊबीजही उद्या एकाच दिवशी. मधला हा दिवस मोकळा राहिला आणि तो सूर्यग्रहणाने घेतला. मुंबईत ४ वाजून ४९ मिनिटांनी स्पर्श, ५:४२ ला मध्य, ६:०८ ला सूर्यास्त. मोक्ष व्हायच्या आत सूर्य बुडणार. पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त.

मामा म्हणजे भाच्याचे मामा, पण गल्लीत सगळेच त्यांना मामा म्हणतात. लग्नं, मुंजी, शाळेची ओळखपत्रं, कधी वर्तमानपत्रांना सुटे फोटो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल. तोवर कॅमेरा कपाटात आणि मामा हिशेबात. म्हणून आजचं काम त्यांनी घेतलंय. एका वेबसाइटला एक फोटो हवाय, सहाशे रुपये. एका क्लासवाल्यांना भिंतीवर लावायला ग्रहणाची पूर्ण मालिका हवीय, तीन मोठे प्रिंट, चोवीसशे.

सकाळी ७:३०

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलंय. त्यावर कात्री, पट्टी, कंपास, डबल टेप, काळी चिकटपट्टी आणि एक जुनी रजिस्टर वही. वहीच्या पानांत चंदेरी फिल्मचा तुकडा ठेवलाय. २०१९ च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला तिघांनी वर्गणी काढून एक पूर्ण शीट मागवली होती. मामांच्या वाट्याला बाराशे रुपये आणि एक तृतीयांश शीट आली. तेव्हा त्यातला निम्मा तुकडा वापरला, उरलेला हा.

दिसायला ती चॉकलेटच्या वेष्टनासारखी. पण सूर्याचा जेवढा प्रकाश तिच्यावर पडतो, त्यातला एक लाखावा भागच ती पलीकडे जाऊ देते. न दिसणारी उष्ण किरणंही अडवते. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे जो काळा ‘एनडी हजार’ फिल्टर असतो, तो फक्त हजारावा भाग सोडतो. म्हणजे याच्या शंभरपट उजेड आत. वर त्यातून उष्णता किती जाते ते बघून कळत नाही. मामांकडे तसाही एक आहे, धबधब्याचे फोटो काढायला घेतलेला. आज तो घरीच राहणार.

या फिल्मचं लेन्सच्या तोंडावर बसणारं टोपण करायचंय. आधी त्याचा सांगाडा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा भाच्याने पुढे केला. मामांनी तो बोटाने दाबून बघितला आणि परत दिला. “ओल लागली की मऊ पडेल. समुद्रावर जायचंय.” शेवटी वहीचा जाड पुठ्ठा फाडला. लेन्सच्या तोंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून माप घेतलं. मग पुठ्ठ्याची चार बोटं रुंद पट्टी त्याच मापाने वळवून नळी केली. नळी लेन्सवर सरकली पाहिजे, पण हलवली तर हलता कामा नये. दोनदा सैल झाली. तिसऱ्यांदा आतून मखमली कागदाची पट्टी लावली, तेव्हा जमली.

मग दोन गोल कड्या कापल्या. एका कडीवर डबल टेप. फिल्म टेबलावर सपाट ठेवली आणि कडी तिच्यावर अलगद टेकवली. भाचा फिल्म ताणायला गेला.

“ताणू नको.”

“सुरकुती राहील मामा.”

“राहू दे. सुरकुतीने फोटो बिघडत नाही, ताणल्याने बिघडतो.”

हे खरं आहे. फिल्म इतकी पातळ असते की सैल सोडली तरी चित्र स्वच्छ येतं, ताणली की चित्र वेडंवाकडं होतं. दुसरी कडी वरून चिकटवली, बाहेरची फिल्म कात्रीने उतरवली, चकती नळीच्या तोंडावर बसवून कडेने काळी पट्टी फिरवली. सव्वा तास गेला.

सकाळी ९:००

आता तपासणी. खोलीची खिडकी बंद. भाच्याने मोबाइलची बॅटरी टोपणाच्या मागे धरली. मामा पुढून इंच इंच बघतायत. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी इथे चमकतं. कडेजवळ एक ठिपका चमकला. मामांनी काळ्या मार्करने तो बुजवला, वाळू दिला, पुन्हा बॅटरी धरली. आता काही नाही. चकतीच्या मध्यावर भोक असतं, तर त्यांनी आख्खा तुकडा फेकला असता. २०१९ ला एक फेकला होता.

मामींना वेध पहाटेपासून लागलेत. त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. फराळाच्या डब्यांवर आणि पाण्याच्या हंड्यावर तुळशीची पानं ठेवलीत. मामांनी मात्र दोन वाट्या पोहे खाल्ले. मामी बोलल्या नाहीत. चहाचा कप जरा जोरात ठेवला, एवढंच.

सकाळी १०:१५

गच्ची. भाड्याची लेन्स पहिल्यांदा बाहेर येते. १५० ते ६०० मिलिमीटरची झूम, दोन किलोच्या आसपास वजन. फोर्टच्या बोरा बाजारातून काल सकाळी आणलीय. भाडं दिवसाला नऊशे. दुकान आज बंद, उद्या पाडवा म्हणून बंद, म्हणजे परत करायची ती २७ तारखेला. दुकानदार तीन दिवसांचं भाडं मागत होता, दोन दिवसांवर तुटलं. अठराशे. वर आधार कार्डाची प्रत, डिपॉझिट आणि एक दम: “फिल्टर न लावता सूर्याकडे धरली आणि आतली पाती जळाली, तर डिपॉझिट विसरायचं.”

दुकानदार उगाच बोलत नव्हता. २०१७ च्या ऑगस्टात अमेरिकेत खग्रास ग्रहण झालं. त्यानंतर तिथे भाड्याने गेलेला माल परत आला, तेव्हा कुठे शटरचे पडदे वितळलेले, कुठे सेन्सरवर डाग, कुठे लेन्समधली पाती जळून चिकटलेली. भिंग कागद जाळतं हे आपण शाळेत बघितलेलं असतं. ही लेन्स म्हणजे त्याच्या कितीतरी पट मोठं भिंग, आणि कागदाच्या जागी आत कॅमेरा. त्याच्या मागे डोळा असला तर डोळा. म्हणूनच टोपण पुढे, लेन्सच्या तोंडावर. मागे, डोळ्याजवळ लावलेला फिल्टर तापून तडकू शकतो.

टोपण चढवण्याआधी मामांनी एक काम केलं. कॅमेऱ्याला मागे जी बघायची खिडकी असते, तिच्यावर काळी चिकटपट्टी आडवीउभी लावली.

“तीस वर्षांची सवय आहे. डोळा आपोआप जातो तिथे.” मग पट्टीवरून अंगठा फिरवला. “आज जे बघायचं ते पडद्यावर.”

मग सूर्य कसा सापडायचा? सहाशेच्या लेन्समधून आकाशाचा तुकडा फार लहान दिसतो आणि फिल्टर लावल्यावर सूर्य सोडून सगळं काळं. भाचा पडद्याकडे बघत कॅमेरा भरकटवत होता. मामांनी त्याला जमिनीकडे बघायला लावलं. गच्चीच्या फरशीवर लेन्सची सावली पडलीय, लांबट. तिपाईचं डोकं हळूहळू फिरवलं तशी सावली आखूड होत गेली. नुसता गोल उरला, तसा पडद्यावर सूर्य आला. पांढरा, कडा रेखीव.

सहाशे मिलिमीटरला सेन्सरवर सूर्य साडेपाच मिलिमीटरचा पडतो. लेन्सच्या लांबीला साधारण ११० ने भागायचं, की मिळतो आकडा. एवढी मोठी नळी लावून हातात येतो तो साडेपाच मिलिमीटरचा गोल, हे पहिल्यांदा करणाऱ्याला खरं वाटत नाही. मोबाइलमध्ये तर ठिपकाच येणार.

फोकस हाताने. पडद्यावर दहापट मोठं करून सूर्याची कड बघायची, रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे. कड सुरीसारखी झाली तिथे रिंगला पट्टी लावून टाकली. आयएसओ १००, एफ ८, सेकंदाचा चारशेवा भाग. मामांनी एक फोटो काढला, बघितला आणि टोपण लावलेल्या अवस्थेतच कॅमेरा सावलीत घेतला.

दुपारी १:४०

विक्रोळी स्टेशन. मामांकडे पास आहे, भाच्याचं रिटर्न तिकीट वीस रुपये. एरवी या वेळेलाही दारात उभं राहायला लागतं, आज डबा निम्मा रिकामा. ग्रहण आणि सुट्टी, दोन्हींचा परिणाम. मामा लेन्सची बॅग मांडीवर घेऊन बसलेत, वर ठेवत नाहीत. दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडायची.

समोरच्या बाईंनी विचारलं, “ग्रहणात बाहेर कुठे?” मामा म्हणाले, “ग्रहणालाच चाललोय.” बाईंनी पोरीला जवळ ओढून घेतलं.

१९८० च्या फेब्रुवारीतलं ग्रहण मामांना आठवतं. ते तेव्हा दहा वर्षांचे. कारवार-रायचूर पट्ट्यात खग्रास होतं, मुंबईत खंडग्रास. आईने खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. १९९५ चं तर दिवाळीतच आलं होतं, आजच्यासारखंच. तेव्हा ते एका स्टुडिओत उमेदवारी करत होते. मालकाने ग्रहण संपेपर्यंत शटर उघडलं नाही.

दुपारी २:५०

माहीम स्टेशनवरून टॅक्सी. या महिन्यापासून मीटर २८ पासून पडतो, आधी २५ होता. किल्ल्याजवळ उतरायला नेमके २८ झाले. रेतीबंदरावर ऊन लखलखतंय. वाळूत विझलेले भुईनळे. दोन होड्या उलट्या घालून ठेवल्यात, त्यांच्या सावलीत कुत्री. समोर पाणी, पाण्यापलीकडे सी लिंक.

जागा मरीन ड्राइव्हची का नाही? तिथे ऑक्टोबरअखेरीला सूर्य उघड्या समुद्रात बुडतो. छान दिसतो, पण फोटोत नुसता सूर्य आणि पाणी. गिरगाव चौपाटीवरून तो मलबार हिलच्या आड जातो. इथे मात्र मधे पूल येतो. मोठ्या खांबाची उंची १२८ मीटर. दोन किलोमीटरवरच्या वस्तूवर सूर्याचं बिंब साधारण अठरा-एकोणीस मीटर रुंद दिसतं. म्हणजे खांबाच्या उंचीत सहा-सात सूर्य एकावर एक मावतील. हे गणित मामांनी रविवारीच इथे येऊन डोळ्यांनी पडताळून घेतलंय. सूर्य कुठे टेकतो ते बघून किनाऱ्यावरच्या दगडावर खडूने फुली मारून ठेवली होती.

फुली सापडली. मामा तिथे थांबले नाहीत. या दिवसांत सूर्य रोज थोडा दक्षिणेला सरकतो, दोन दिवसांत बिंबाच्या रुंदीपेक्षा जास्तच. तोच खांब त्याच सूर्यापुढे हवा तर आपण उत्तरेला सरकायचं. उजवीकडे तीसेक मीटर चालून मामांनी बॅग खाली ठेवली.

दुपारी ३:३०

तिपाई. पाय पूर्ण उघडायचे नाहीत, खालचे जाड दोनच भाग. पायांखाली लाकडाचे ठोकळे, म्हणजे वाळूत रुतणार नाही. मधल्या हुकाला पिशवी अडकवून त्यात दगड भरले. समुद्रावरून वारा सुटलाय. वारा दोन गोष्टी करतो. लेन्स हलवतो आणि टोपण उडवतो. पहिल्याने फोटो जातो, दुसऱ्याने कॅमेरा. टोपणाच्या नळीवरून मामांनी रुंद रबर चढवलं, वरून चिकटपट्टीचे दोन तुकडे, प्रत्येकाचं एक टोक दुमडलेलं. ओढलं की निघेल, वाऱ्याने निघणार नाही.

पहिला कटिंग. दहा रुपये. चहावाल्या पोराने विचारलं, “काका, ग्रहण लागल्यावर चहा पिणार ना?” धंद्याचा प्रश्न होता. मामा म्हणाले, “ये तू.”

दुपारी ४:४९

काहीच दिसत नाही. घड्याळ म्हणतंय स्पर्श झाला, पडद्यावरचा गोल पूर्ण. मामा दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो घेतायत, रिमोटच्या वायरने. बटणाला बोट लावलं तरी एवढ्या लांब लेन्समध्ये चित्र थरथरतं. ४:५१ ला भाचा ओरडला. उजव्या कडेला, जरा खाली, गोल चपटा झालाय.

आता दर पाच मिनिटांनी एक, क्लासवाल्यांच्या मालिकेसाठी. मधल्या वेळात सूर्य पडद्यावरून सरकत राहतो. स्वतःच्या रुंदीएवढं अंतर तो दोन मिनिटांत कापतो, म्हणून प्रत्येक फोटोआधी डोकं थोडं फिरवून त्याला पुन्हा मध्यावर आणायचं. मामांच्या वहीत वेळ, आयएसओ, शटर असे रकाने आहेत. भाचा भरतोय. त्याची आजची मजुरी तीनशे.

संध्याकाळी ५:०५

गर्दी जमलीय. कोळीवाड्यातली पोरं, बिल्डिंगमधली दोन-तीन कुटुंबं, एक आजोबा हातात एक्स-रे घेऊन. कुणाच्या तरी गुडघ्याचा. ते तो डोळ्यांपुढे धरून सूर्याकडे बघायला लागले.

मामा तिपाई सोडून गेले. दिवसभरात तिपाई सोडलेली ही पहिली वेळ. “आजोबा, हे नको.”

“आम्ही नेहमी यातूनच बघितलंय.”

“उजेड कमी होतो, पण उष्णता जाते आत. आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखत नाही. जळतो तेव्हा कळतच नाही, रात्री किंवा उद्या सकाळी समोर डाग दिसतो.”

आजोबांनी एक्स-रे खाली घेतला, पण पटलेलं दिसलं नाही. मामांनी खिशातून कागदी चष्मा काढून दिला. २०१९ चे दोन चष्मे त्यांनी पुस्तकात दाबून जपलेत, चरा पडू नये म्हणून. चष्मा चांगला आहे की नाही ते ओळखायची त्यांची रीत सोपी आहे. घालून घरात बघायचं. ट्यूबलाइट, खिडकी, माणूस, यातलं काही नीट दिसलं तर तो चष्मा कचऱ्यात. सूर्य सोडून सगळा अंधार हवा.

एका पोराने वेल्डिंगची काच आणलीय. मामांनी कडेवरचा नंबर बघितला, अकरा. “चौदा नंबर लागतो. दुकानात दहा-अकराच मिळतो.” काच परत खिशात गेली. मग चष्म्याला रांग लागली. आजोबांनी बघितलं आणि बराच वेळ चष्मा कुणाला दिला नाही. चार वर्षांची एक पोरगी बघून म्हणाली, “कोणीतरी खाल्लाय.” एका बाईंनी चष्म्याची काच मोबाइलच्या लेन्सपुढे धरून फोटो काढला. तेही चालतं. फोटोत नारिंगी ठिपका आला, कडेला कुरतडलेला, आणि तो लगेच स्टेटसला गेला.

आजोबांच्या सूनबाई काठावरही आल्या नाहीत, लांब बाकावर पाठ करून बसल्यात. सातवा महिना आहे. त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी ५:४२

मध्य. बिंबाच्या व्यासाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग चंद्राने झाकलाय. क्षेत्रफळात मोजलं तर चौथ्या हिश्शाच्या जवळ. आजूबाजूला अंधारून वगैरे काही आलेलं नाही. माहीत नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

शटर कधीच मंदावलंय. सूर्य खाली आला, फटाक्यांचा धूर आणि समुद्रावरचं धुरकट मधे आलं. चारशेव्या भागावरून शंभरावर, आयएसओ १०० वरून ४००. गोल पांढरा होता तो पिवळट झाला. मामांनी पाच फोटो लागोपाठ घेतले, दहापट मोठे करून कड तपासली. दुसरा आणि चौथा ठेवायचा, असं वहीत लिहायला लावलं.

मग दुसरा कटिंग, भाच्यालाही एक. भाच्याने डब्यातली चकली काढली. आजोबा म्हणाले, “ग्रहण सुटू दे.” भाच्याने चकली मामांकडे बघत खाल्ली.

संध्याकाळी ५:५४

सूर्य खांबाच्या टोकाच्या पातळीला आला. दिवसभराच्या कामाची खरी अडचण इथे आहे.

फिल्टर लावलेला असेल तर पूल दिसत नाही. सूर्याशिवाय सगळं काळं, खांब नाही, तारा नाहीत, पाणी नाही. बिंबावर तारांच्या बारीक रेघा तेवढ्या उमटतील. वेबसाइटला हवा आहे पुलासकट सूर्य. दोन फोटो वेगवेगळे काढून नंतर जोडणं सोपं आहे. क्लासवाल्यांच्या प्रिंटसाठी मामा ते करणार, खाली ‘जोडचित्र’ असं लिहून. बातमीच्या फोटोत ते चालत नाही. एकाच फोटोत दोन्ही पाहिजे. म्हणजे टोपण काढायचं.

शेजारी एक हौशी तरुण आलाय. चांगला कॅमेरा, लांब लेन्स, फिल्टर नाही. “आता लाल झालाय सर, आता काय होतंय,” असं म्हणून खिडकीला डोळा लावून बघतोय. मामांनी एकदा सांगितलं, पडद्यावर बघ. त्याने ऐकलं नाही. मामांनी दुसऱ्यांदा सांगितलं, जरा आवाज चढवून. तेव्हा त्याने डोळा काढला. माझ्या मते ग्रहणातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच. भर दुपारी सूर्याकडे बघताच येत नाही, डोळे आपणच मिटतो. मावळताना तो बघू देतो, आणि धुरकट हा काही फिल्टर नव्हे. वाऱ्याची एक झुळूक आली की जाड थर पातळ होतो.

मामा थांबलेत. टोपण अजून जागेवर. सूर्य खांबाच्या डाव्या बाजूने उतरतोय, उजवीकडे झुकत. आठ मिनिटांत तो तारांमागे येईल, असा त्यांचा अंदाज.

संध्याकाळी ६:०१

कृती अशी. फिल्टर लावलेलाच ठेवून सूर्य चौकटीत बसवायचा, वरच्या तिसऱ्या भागात. तिपाईचे सगळे स्क्रू घट्ट. पडदा बंद, म्हणजे सेन्सर झाकलेला. शटर दोन हजारावा भाग, आयएसओ १००, एफ ११. भाचा टोपणाची दुमडलेली टोकं धरून उभा.

“काढ.”

टोपण निघालं. तीन क्लिक.

“लाव.”

चार सेकंदही झाले नसतील. मामांनी पडदा लावला आणि फोटो बघितला. बिंब नारिंगी, पण मध्यावर पांढरं फुटलंय. पूल आला, तारा आल्या. मामांनी शटर चार हजारावर नेलं. अर्धं मिनिट थांबले. पुन्हा काढ, तीन क्लिक, लाव. आता बिंबाचा रंग टिकला. उजव्या बाजूचा कुरतडलेला भाग स्वच्छ, त्यावरून दोन तारा तिरक्या गेलेल्या आणि खाली पुलावर एक बस.

बस योगायोगाने आली. मामा म्हणाले, “बेस्टची दिसत नाही.” कोणाची का असेना.

असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी टोपण परत लागलं. पाचव्या वेळी त्याची गरज पडली नाही. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच धुरकटात विरला. पडद्यावर फक्त पूल उरला. घड्याळात ६:०५. पंचांगातला सूर्यास्त तीन मिनिटांनी होता.

संध्याकाळी ६:२५

पोरं पांगली. आजोबांनी चष्मा परत केला, काच सदऱ्याला पुसून. मामांनी काही न बोलता तो घेतला आणि नंतर उजेडाकडे धरून चरे तपासले. शेवटचा कटिंग. वाळूत बसून मामांनी कार्ड मोबाइलला जोडलं, एक फोटो निवडला, कापला नाही, रंग वाढवला नाही. खाली ओळ लिहिली: माहीम, ६ वाजून ३ मिनिटं. पाठवून दिला. पैसे दीड महिन्याने येतात.

रस्त्यावर आलो तेव्हा कुठून तरी हाळी आली, “दे दान सुटे गिराण.” एक बाई झोळी घेऊन बिल्डिंगच्या दारांशी फिरत होती. वरच्या मजल्यांवर गीझर लागले असणार, मोक्षाच्या आंघोळी. परतीला टॅक्सी नाही. स्टेशनपर्यंत चालत, तिपाई भाच्याच्या खांद्यावर.

रात्री ९:३०

मामींनी आता पहिल्यांदा पाणी घेतलं. सगळं घर धुतलं गेलंय, फरशी अजून ओली. वरण-भात ताजा.

जेवण झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब. येणं: सहाशे आणि चोवीसशे, तीन हजार. प्रिंटचे साडेसातशे जाऊन बावीसशे पन्नास. देणं: लेन्स अठराशे, भाच्याचे तीनशे, टॅक्सी अठ्ठावीस, तिकीट वीस, चार कटिंगचे चाळीस. एकवीसशे अठ्ठ्याऐंशी. उरले बासष्ट रुपये. फिल्म धरलेली नाही, ती २०१९ च्या हिशेबात गेली. उद्या भाऊबीज. भाच्याच्या आईची ओवाळणी यातून होणार नाही, ती वेगळी काढून ठेवलीय.

टोपणाची नळी मामांनी मोडली. चकती दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून रजिस्टर वहीत घातली, वहीवर पाट ठेवला. घडी पडली नाही, भोक पडलं नाही तर ती पुढच्या वेळीही चालेल. वापरण्याआधी पुन्हा बॅटरी धरून बघायची.

मुंबईतून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे, सोमवारी, दुपारनंतर. इजिप्तमध्ये लक्सरला ते सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास दिसेल. मुंबईत खंडग्रास, आणि तोही भर पावसाळ्यात.